पिनबॉल यंत्राची स्मृति : बॅटरी बरी कीं कपॅसिटर बरा ?



पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत विद्युत्घट आणि कपॅसिटर हीं दोन प्रकरणें निरनिराळ्या ठिकाणीं असतात. विद्यार्थी तीं वेगवेगळीं पाठ करितात, आणि या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल अशी शंकाही बहुतेकांच्या मनास शिवत नाहीं. वस्तुतः दोहोंचें बाह्य कार्य एकच : विजेचा सांठा करून ठेवणें आणि मागतांच तो देणें. मग ज्या ठिकाणीं बॅटरी आहे त्या ठिकाणीं कपॅसिटर बसविला तर चालेल काय ? चालल्यास किती दिवस ? आणि असा बदल करण्याचें प्रयोजन तरी काय ? या प्रश्नांचीं उत्तरें पिनबॉल नांवाच्या एका खेळाच्या यंत्राच्या आधारें शोधण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों. खेळाचें यंत्र म्हणून कोणी नाक मुरडूं नये. प्रयोगशाळेंत जो नियम शिकावयाचा तोच नियम खेळाच्या मेजावरही लागू असतो.

यंत्र आणि त्याची स्मृति

पिनबॉल हा खेळ अमेरिकेंत वाढला, आणि त्याचीं यंत्रें करणाऱ्या प्रमुख कंपन्या शिकागो शहरीं व त्याच्या आसपास होत्या. कांचेनें झांकलेलें एक उतरतें मेज, त्यावर धांवणारी पोलादी गोळी, आणि ती खालीं निसटूं नये म्हणून खेळणाराच्या बोटांच्या इशाऱ्यानें हलणारे लहान दांडे, असें याचें सामान्य स्वरूप आहे. या दांड्यांस फ्लिपर म्हणतात. विजेवर चालणारे फ्लिपर गॉटलीब कंपनीच्या 'हंप्टी डंप्टी' या यंत्रांत १९४७ सालीं आले, आणि तेव्हांपासून या खेळांत दैवाबरोबर कौशल्यासही जागा मिळाली.

त्या काळच्या यंत्रांत गुणांची नोंद चाकांवर होत असे. विद्युच्चुंबकाचा झटका बसला कीं चाक एक घर पुढें सरके, आणि वीज बंद केली तरी तें जेथल्या तेथें उभें राही. ती पोलादाची स्मृति. तिला राखण कशास हवी?

१९७७ सालाच्या सुमारास ही रीत पालटली. बॅली, विल्यम्स व गॉटलीब या कंपन्यांनीं चाकें व रिले काढून टाकून त्यांच्या जागीं मायक्रोप्रोसेसर बसविला. खेळाचे नियम रॉम नांवाच्या चिपांत कायमचे कोरलेले असत. वीज गेल्यानें ते पुसले जात नसत. परंतु ज्या गोष्टी दिवसागणिक बदलतात, म्हणजे आजवरचे सर्वोच्च गुण, पेटींत पडलेल्या नाण्यांची मोजदाद, किती गुणांस एक डाव फुकट द्यावयाचा ती मर्यादा, त्या दुसऱ्या एका चिपेंत लिहिल्या जात. '५१०१' ही त्यांपैकीं पुष्कळ वापरली गेलेली चिप होय. हिच्यांत २५६ कप्पे असून प्रत्येक कप्प्यांत ४ बिट, म्हणजे एकंदर १०२४ बिट मावतात. हिचा गुण असा कीं यंत्र बंद असतां सुमारें २ व्होल्टांचा दाब मिळत राहिला तर अत्यल्प विजेवर ती आपलें लिखाण सांभाळते. दोष असा कीं तेवढाही दाब न मिळाला तर सारें लिखाण नाहींसें होतें.

हा दाब मिळावा म्हणून बॅली व गॉटलीब यांनीं सर्किट-बोर्डावरच ३.६ व्होल्टांची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसविली. विल्यम्स कंपनीनें आपल्या बोर्डावर तीन कोरड्या घटांची बैठक ठेविली. स्मृति गेल्याचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. बॅलीच्या त्या काळच्या यंत्रांत पुष्कळशा निवडी बोर्डावरील ३२ लहान खटक्यांनीं केलेल्या असतात. तेथें मुख्यतः गुणांचे विक्रम व मर्यादा जातात. विल्यम्सचीं कांहीं यंत्रें मात्र स्मृति गमावलेली असतां चालू करतांच खेळास सिद्ध होत नाहींत, तर हिशेब दाखविण्याच्या अवस्थेंत जाऊन बसतात, आणि त्यांस तेथून खेळावर आणावें लागतें. अवघ्या कांहीं बिटांच्या विस्मरणानें शंभर सव्वाशें किलोंचें यंत्र खोळंबून राहावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कुंपणानेंच शेत खाल्लें

येथपर्यंत बॅटरीची योजना निर्दोष दिसते. पण काळ लोटला म्हणजे तिचा दुसरा स्वभाव प्रकट होतो. निकेल-कॅडमियम बॅटरींत आणि आपण नेहमीं वापरतों त्या अल्कलाइन घटांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्क असतो. घट जुना झाला, आंत वायूचा दाब वाढला अथवा त्याचें बूच निकामी झालें कीं हा अल्क बाहेर पाझरूं लागतो. हवेंतील कार्बन डायऑक्साइडशीं त्याचा संयोग होऊन पोटॅशियम कार्बोनेटची पांढरी पूड जमते. जुन्या विजेरीच्या पोटांत ही पूड तुम्ही पाहिली असेल.

विजेरींत हानि पत्र्याच्या स्प्रिंगची होते. ती फार नव्हे. पिनबॉलच्या यंत्रांत सर्किट-बोर्ड मागील उभ्या पेटींत टांगलेला असतो, म्हणून पाझरलेला अल्क सरळ खालीं उतरतो आणि वाटेंत लागतील त्या तांब्याच्या रेघा, चिपांच्या बैठका व तारांच्या जोडण्या खात जातो. हिरवट निळी बुरशी दिसूं लागेपर्यंत रोग बराच आंत शिरलेला असतो, कारण बोर्डावरील रंगाच्या थराखालूनही तो पसरतो. चालू होतांच मायक्रोप्रोसेसरला जागें करणारा भाग जर बॅटरीच्या शेजारीं असला, तर तो प्रथम बळी पडतो व यंत्र मुळींच उठत नाहीं. ज्या वस्तूचें रक्षण करण्यास बॅटरी ठेविली तीच वस्तु तिनें खाल्ली. यालाच आपल्याकडे कुंपणानें शेत खाणें म्हणतात.

ही हानि आज अधिक लागते, याचें कारण इतिहासांत आहे. बॅलीचा पिनबॉल-व्यवसाय १९८८ सालीं विल्यम्सकडे गेला, गॉटलीबचें काम १९९६ सालीं थांबलें, आणि विल्यम्सनें १९९९ सालीं पिनबॉल यंत्रें करणें सोडून दिलें. म्हणजे ज्यांनीं ते बोर्ड केले त्यांच्याकडून नवा बोर्ड मिळणें नाहीं. जुनीं यंत्रें जतन करणाऱ्या लोकांनीं बॅटरीस पर्याय शोधला तो या भयामुळें.

लायडनची बरणी आणि दहा गुंठे कोळसा

तो पर्याय म्हणजे कपॅसिटर. यास पूर्वीच्या पुस्तकांत कंडेन्सर म्हणत व आतां संधारित्र असेंही म्हणतात. याचा पूर्वज १७४५ सालीं पोमेरेनियांतील एवाल्ड फॉन क्लाइस्ट या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या हातीं सांपडला. पुढच्याच वर्षीं हॉलंडांतील लायडन येथें म्युसेनब्रुक यांनीं तसाच प्रयोग केला, आणि बरणीस नांव लायडनचें मिळालें. येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७४९ च्या सुमारास अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या व तोफांच्या रांगेवरून त्यांस 'बॅटरी' हें नांव दिलें. व्होल्टाचा रासायनिक घट १८०० सालचा. त्यानंतर तें नांव घटांकडे गेलें. तेव्हां आज बॅटरी काढून कपॅसिटर बसविणारा मनुष्य एका अर्थीं तें नांव मूळ धन्यास परत देत असतो.

घटांत वीज रासायनिक क्रियेनें उत्पन्न होते. कपॅसिटरांत तशी क्रिया होत नाहीं. दोन पृष्ठांवर परस्परविरुद्ध विद्युद्भार समोरासमोर थोपवून धरलेले असतात. पृष्ठ जितकें विस्तीर्ण आणि दोहोंतील अंतर जितकें थोडें, तितकी त्याची धारणाशक्ति अधिक. ही शक्ति मोजण्याचें एकक फॅराडे यांच्या नांवावरून फॅरड असें आहे. लायडनच्या बरणीची धारणाशक्ति फॅरडच्या अब्जांशाच्या आसपास असे. अशा बरणीनें कोणतीही स्मृति दिवसभर राखली गेली नसती.

मग आज करंगळीच्या पेराएवढ्या वस्तूंत एक फॅरड कसा मावतो ? विद्युद्द्रवांत बुडविलेल्या पृष्ठालगत भारांचे दोन थर आपोआप तयार होतात, हें हेल्महोल्ट्झ यांनीं १८५३ सालीं मांडलें होतें. या दोन थरांतील अंतर अणुरेणूंच्या मापाचें असतें. आणि पृष्ठ म्हणून सच्छिद्र कोळसा घेतला, तर त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचें एकंदर क्षेत्रफळ एक हजार चौरस मीटरांहून अधिक भरतें. आपल्या मोजणीनें सांगावयाचें तर चिमूटभर कोळशांत सुमारें दहा गुंठे जमीन दुमडून ठेविलेली असते ! या तत्त्वावरील पेटंट अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवर्ड बेकर यांस १९५७ सालीं मिळालें, आणि जपानच्या एन. ई. सी. कंपनीनें १९७८ सालीं 'सुपरकपॅसिटर' या नांवानें असा माल संगणकांची स्मृति राखण्यासाठीं बाजारांत आणिला. म्हणजे पिनबॉलच्या यंत्रांत त्याची योजना करणें हा त्याच्या मूळ कार्याचाच उपयोग आहे.

हिशेब

आतां पाटी हातीं घ्या. समजा, धारणाशक्ति १ फॅरड आहे, आणि ५ व्होल्टांच्या पुरवठ्यांतून डायोडवर ०.६ व्होल्ट खर्ची पडून कपॅसिटर ४.४ व्होल्टांपर्यंत भरला आहे. चिपेस निदान २ व्होल्ट हवे. म्हणजे उपयोगी पडणारा उतार २.४ व्होल्टांचा. धारणाशक्तीस उताराने गुणिलें असतां विद्युद्भार येतो :

१ फॅरड × २.४ व्होल्ट = २.४ कूलंब.

चिप १ मायक्रोअँपिअर वीज घेत असेल, तर हा भार २४ लाख सेकंद पुरेल. एका दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार सुमारें २८ दिवस. तीच चिप १० मायक्रोअँपिअर घेत असेल, तर तीन दिवसही पुरे होणार नाहींत. यावरून चिपेची भूक मोजल्याशिवाय मुदत सांगणें व्यर्थ आहे हें कळून येईल. शिवाय कपॅसिटरांतून आपोआप थोडी गळतीही होत असते. म्हणून प्रत्यक्षांत दिवस या हिशेबाहून कमीच धरावे.

आतां घटाकडे वळूं. पेनाएवढ्या जाडीच्या नेहमींच्या अल्कलाइन घटांत सुमारें २ अँपिअर-तास, म्हणजे ७,२०० कूलंब भार असतो. हे कपॅसिटरच्या ३,००० पट झाले. तेव्हां निकाल घटाच्या बाजूनें लागला, असें कोणीही म्हणेल. परंतु भागाकार पुढें चालवा. १ मायक्रोअँपिअरच्या खर्चानें हा सांठा सुमारें २२८ वर्षें पुरावा ! आणि घटाचें शरीर तर दहापांच वर्षांतच कुजूं लागतें. म्हणजे सांठ्याचा बहुतेक भाग कधींच उपयोगास येत नाहीं. तो घटांत पडून राहतो, आणि त्याला धरून ठेवणारें पात्रच फुटून शेजाऱ्याचा नाश करितें. कपॅसिटरचा सांठा अल्प खरा, पण यंत्र चालू झालें कीं तो पुनः भरतो, आणि असें भरणें व रितें होणें लक्षावधि वेळां होऊं शकतें. एकाचें बळ सांठ्यांत, तर दुसऱ्याचें नित्य भरण्यांत.

बदल कसा करितात

हें काम जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखालीं, आणि यंत्राची दोरी भिंतींतून काढूनच करावें. बॅटरी काढतांच स्मृति एक वेळ जाणारच, म्हणून जपावयाचे आंकडे आधीं कागदावर उतरून घ्यावे.

पहिलें काम शुद्धीचें. पाझर झालेला असल्यास त्यावर पाणी घातलेला व्हिनेगर लावितात. अल्क आणि ॲसिटिक आम्ल यांचा संयोग होऊन क्षार व पाणी होतें. हें समीकरण तुम्हांस ठाऊकच आहे. मग स्वच्छ पाण्यानें व शेवटीं आयसोप्रोपिल अल्कोहोलनें धुवून बोर्ड पूर्ण वाळवितात. अल्क आंत राहूं देऊन वर नवा कपॅसिटर बसविणें म्हणजे घाणीवर सारवण करणें होय.

दुसरें काम वाटेचें. बॅलीच्या बोर्डावरील बॅटरी पुनः भरण्याजोगी होती, म्हणून तिला भरणारी वाट तेथें मूळचीच आहे, व तिच्या जागीं ५.५ व्होल्टांचा कपॅसिटर बसूं शकतो. कोरड्या घटांचे बोर्ड मात्र वेगळे. कोरडा घट भरावयाचा नसतो, म्हणून त्यांत वीज उलट शिरूं नये यासाठीं डायोड आडवा घातलेला असतो. तेथें नुसता कपॅसिटर लावला तर तो कधीं भरणारच नाहीं. त्यास पुरवठ्याकडून डायोड व रोध यांतून स्वतंत्र वाट द्यावी लागते. हा डायोड एका बाजूनेंच वीज जाऊं देतो, म्हणून यंत्र बंद झाल्यावर कपॅसिटरचा भार साऱ्या बोर्डांत वाया जात नाहीं.

रोधाचें प्रयोजनही समजून घ्या. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणीं जवळजवळ आंखूड मंडलासारखा वागतो. वाटेंत १०० ओहमचा रोध असला तर आरंभींचा प्रवाह ४.४ ला १०० नें भागून ४४ मिलिअँपिअरांवर आटोक्यांत राहतो. १०० ओहम व १ फॅरड यांचा गुणाकार १०० सेकंद. तेवढ्या वेळांत कपॅसिटर सुमारें ६३ टक्के भरतो, आणि त्याच्या पांचपट म्हणजे आठ नऊ मिनिटांत बहुतेक पूर्ण. तथापि कोळशाच्या खोल छिद्रांत भार शिरण्यास अधिक अवकाश लागतो, म्हणून प्रथम यंत्र कांहीं तास चालू ठेवणें इष्ट. धन व ऋण टोंकें उलट जोडूं नयेत, आणि ५.५ व्होल्टांची मर्यादा ओलांडूं नये.

मर्यादा

कपॅसिटर हा अमर नव्हे, हेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे. उष्णतेनें व वयानें त्याची धारणाशक्ति घटते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्स यंत्रांत घड्याळ चालू ठेवण्यासाठीं असाच कपॅसिटर होता. तो कालांतरानें पाझरून शेजारच्या तांब्याच्या रेघा कुरतडतो, असा अनुभव आला आहे. तेव्हां कपॅसिटर बसविला म्हणजे बोर्डाकडे पुनः पाहणें नको, असें कोणीं मानूं नये.

दुसरी मर्यादा हिशेबांतूनच निघते. जें यंत्र आठवड्यांतून एकदां तरी चालू होतें आणि ज्याची चिप मितभोजी आहे, त्यास कपॅसिटर उत्तम. जें यंत्र महिनेन् महिने कोठींत झांकून ठेवावयाचें, त्याची स्मृति कपॅसिटर राखूं शकणार नाहीं. तेथें दोन मार्ग आहेत. घट ठेवावेच, पण तारा लांबवून बोर्डापासून दूर व खालच्या बाजूस ठेवावे, म्हणजे पाझर झाला तरी बोर्ड वांचतो. अथवा मूळ चिपेच्या जागीं वीज नसतांही लिखाण राखणारी नव्या जातीची चिप बसवावी, म्हणजे घट आणि कपॅसिटर दोन्ही नकोत.

विद्यार्थ्यांनीं हें केवळ वाचून सोडूं नये. १ फॅरडचा ५.५ व्होल्टांचा कपॅसिटर, तीन कोरडे घट, १०० ओहमचा एक रोध व व्होल्टमापक एवढें साहित्य शाळेच्या प्रयोगशाळेस जड नाहीं. कपॅसिटर तासभर भरून घट सोडवा, आणि रोज ठरल्या वेळीं क्षणभर दाब मोजून चौदा दिवसांचा आलेख काढा. रेघ प्रथम झपाट्यानें व पुढें मंद मंद उतरते असें दिसेल, आणि ती २ व्होल्टांस कोणत्या दिवशीं टेंकेल याचा अंदाज तुम्हांस स्वतः बांधतां येईल.

शास्त्रांतील असे हिशेब आम्हांस पवित्र शास्त्रांतील दोन प्रसंगांचें स्मरण करून देतात. अरण्यांत इस्राएल लोकांस मान्ना रोजचा रोज मिळे, आणि ज्यांनीं तो अविश्वासानें उद्यांसाठीं ठेविला त्यांच्याजवळ त्यांत किडे पडले. उलट दहा कुमारींच्या दृष्टांतांत, ज्यांनीं भांड्यांत जादा तेल घेतलें त्याच शहाण्या ठरल्या. या दोहोंत विरोध नाहीं. जेथें भरणारा हात रोज येतो तेथें थोडें पुरतें. जेथें वर केव्हां येईल हें ठाऊक नाहीं तेथें सांठा हवा. आपलें यंत्र या दोहोंपैकीं कोणत्या स्थितींत आहे, हें ओळखून मग हातीं डाखणी घ्यावी. आणि दोन्ही स्थितींत एक नियम सारखाच पाळावा : जी वस्तु कुजणारी आहे ती, जिला जपावयाचें आहे तिच्या डोक्यावर टांगून ठेवूं नये.